धारेच्या दगडावरचा आकडा: पार्श्वभूमी

एका बाजूला 1000 आणि दुसऱ्या बाजूला 6000 असा दुहेरी पाणदगड, म्हणजे पाणी लावून धार करायचा दगड, आता घरबसल्या मागवता येतो. आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक. सुरीला तो पुरतो, पटाशी आणि रंध्याच्या पात्यालाही चालतो, असं सांगितलं जातं आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण हे 1000 कोणत्या मोजणीचं, हे दगडावर क्वचितच छापलेलं असतं.

पूर्वी दगड खाणीच्या नावावर विकला जाई. अमेरिकेत आर्कान्साचा, बेल्जियममधला पिवळा, जपानात क्योटोजवळच्या डोंगरांतला. आपल्याकडे लाखेत कुरुंदाची पूड कालवून सहाणेची चाकं करत. आकडा कुणालाच लागत नव्हता.

1891 मध्ये पेन्सिल्व्हेनियात विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड हा घासायच्या कामाचा कठीण पदार्थ तयार झाला. 1895 मध्ये हा उद्योग मुबलक विजेसाठी नायगाऱ्याला गेला. पाठोपाठ बॉक्साइट वितळवून केलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड आला. आपल्या सुताराच्या पेटीतला एका बाजूला भरड, दुसऱ्या बाजूला बारीक असा काळा दगड याच भट्टीच्या घराण्यातला. भट्टीतून निघालेला माल कुटून प्रतवारी करणं भाग होतं, आणि आकडा तिथे आला: चाळणीच्या एका इंचात जितकी भोकं, तितका क्रमांक.

साधारण 220 पर्यंत हे सरळ चालतं. त्याहून बारीक पूड चाळणीने नीट वेगळी होत नाही, म्हणून ती पाण्यात सोडून कोणता कण किती वेळाने तळाशी बसतो यावरून वेगळी करतात. इथे भोकं उरलीच नाहीत, तरी क्रमांक मात्र पुढे चालू राहिले. ते कसे वाढवायचे हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. माझ्या मते सगळा घोळ इथलाच आहे, आणि त्याची किंमत अजूनही धार लावणारा मोजतो.

जपानी मानकात 1000 चा कण सुमारे 11.5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). युरोपीय मानकात सँडपेपरचा पी 1000 म्हणजे 18.3 मायक्रॉन, तर त्याच मानकातल्या सुट्या किंवा दगडात बांधायच्या पुडीचा एफ 1000 म्हणजे 4.5. जुन्या अमेरिकी पद्धतीत 1000 येतो सुमारे 9 वर. काचेवर सँडपेपर चिकटवून पटाशी घासणारा पी 2000 पर्यंत गेला, तर तो 10.3 मायक्रॉनवर असतो, म्हणजे जपानी 1000 च्या जेमतेम पुढे. तिथून 'आता 3000 चा दगड पुरे' म्हणत उडी मारली, तर आधीचे ओरखडे निघायला वाटतं त्याहून जास्त घासावं लागतं; घाई केली तर ते तसेच राहतात आणि पात्याची पाठ कितीही चमकली तरी धार लाकडात लवकर मरते.

हिऱ्याची पूड बसवलेल्या धारेच्या पट्ट्यांनी या घोळात भर घातली. कृत्रिम हिरा 1954 चा, त्याच्या धारेच्या पट्ट्या बऱ्याच नंतरच्या. त्यांवर 'मेश', म्हणजे चाळणीचा क्रमांक, लिहितात: 325 मेश म्हणजे 45 मायक्रॉन, 600 म्हणजे 25, 1200 म्हणजे 9. काही पट्ट्यांवरचा 8000 मेश 3 मायक्रॉनचा असतो, तर जपानी 8000 चा दगड 1.2 चा. दोन्हींवर आकडा तोच आणि पट्टीचा कण अडीच पट मोठा. शिवाय नवी हिऱ्याची पट्टी सुरुवातीला जास्तच खरवडते, म्हणून पहिल्या काही पात्यांवरून तिची पारख करू नये.

क्योटोच्या नैसर्गिक दगडांनाही आता विक्रेते 8000, 10000 असे क्रमांक चिकटवतात. ते मला पटत नाही. तिथे घासताना दगडाचा चिखल सुटतो आणि त्यातले कण फुटून बारीक होत जातात. सुरुवातीची आणि शेवटची धार एकाच आकड्यात बसत नाही. जपानी सुतार त्यांना भरड, मधला आणि शेवटचा अशा तीन पायऱ्यांनी ओळखत आले, आणि निवडीला ती ओळख जास्त उपयोगी आहे.

वेगवेगळ्या उत्पादकांचे दगड जोडीने वापरायचे असतील तर क्रमांक सोडून मायक्रॉन विचारावा. 45, 15, 5 आणि 1 च्या आसपासचे चार टप्पे पटाशीला भरपूर होतात. विळीला आणि भाजीच्या सुरीला त्यातले पहिले दोनच पुरतात, कारण टोमॅटोच्या सालीत किंचित खरबरीत धारच चटकन शिरते.