वेताळपंचविशी : पात्रनमुने व शब्दसंपदा

राजा, जोगी, मढे आणि वेताळ या चौघांच्या चौकटीत गुंफलेले संस्कृत कथाचक्र व त्यावरून झालेली मराठी-हिंदी बालरूपे. प्रस्तुत नोंदीत पात्रांचे ठरीव नमुने, कथनाची घडण आणि इंदूर परिसरातील मराठी भाषकांच्या दृष्टीने शब्दांचे प्रश्न यांचा विचार केला आहे. कथांचा सारांश येथे दिलेला नाही.

उगम. आज हाती असलेले सर्वांत प्रसिद्ध रूप सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध) शशांकवती लंबकात (ग्रंथविभागात), तरंग म्हणजे अध्याय ७५ ते ९९ मध्ये येते. त्याच शतकातील क्षेमेंद्राच्या ‘बृहत्कथामंजरी’तही हे चक्र आहे. दोघेही काश्मीरचे, आणि दोघेही गुणाढ्याच्या पैशाची भाषेतील लुप्त ‘बृहत्कथे’चा आधार सांगतात. मग वेताळकथा मूळ बृहत्कथेत होत्या काय? परंपरा गुणाढ्याला प्रतिष्ठानच्या सातवाहन दरबारात बसवते. तसे असेल तर या कथांचे माहेर गोदाकाठी ठरते. परंतु नेपाळात सापडलेल्या बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’त हे चक्र नाही. तो ग्रंथ अपुरा असल्याने एवढ्यावरून निकाल लावता येत नाही. तरी वेताळकथा स्वतंत्रपणे प्रचारात होत्या व काश्मिरी पाठात मागाहून शिरल्या, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. शिवदास व जंभलदत्त यांचे स्वतंत्र पाठ या मताला पूरक आहेत. त्यांचा काळ मात्र सोमदेवानंतर, एवढेच सावधपणे म्हणावे.

राजा कोण, हा त्याला जोडूनच येणारा वाद. सोमदेवाचा नायक उज्जैनचा विक्रमादित्य नाही. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, विक्रमसेनपुत्र त्रिविक्रमसेन आहे. नावातील ‘विक्रम’ या दुव्यावरून कथा पुढे विक्रमादित्याच्या नावावर जमा झाली असावी. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आज्ञेने सूरत कवीश्वराने केलेल्या ब्रज पाठावरून १८०५ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदी ‘बैताल पचीसी’ सिद्ध झाली. तिची सुरुवात धारानगरात, गंधर्वसेन राजापासून होते. धार इंदूरच्या पश्चिमेला, उज्जैन उत्तरेला. त्यामुळे इंदूरच्या मुलांना ही कथा शेजारच्या गावची वाटते. तो आपलेपणा खराच, पण पैठणचा उल्लेख पुसून टाकण्याचे कारण नाही.

पात्रनमुने. *राजा* शूर आहे, पण त्याची खरी कसोटी न्यायबुद्धीची. *जोगी* सोमदेवाकडे क्षांतिशील, हिंदीत शांतशील. क्षमा आणि शांती यांचा बुरखा नावातच चढवलेला असल्याने कथेकऱ्याने त्याला आरंभी कपटी रंगवू नये. रोज एक फळ आणून देणारा नम्र भिक्षू एवढेच त्याचे रूप ठेवावे. माकडाने फळ फोडल्यावर आतून रत्न निघते, तेव्हा संशयाची पहिली रेघ आपोआप उमटते. *मढे* बोलत नाही व हलत नाही. हिंदी पाठात ते तेल्याचे आहे. एकाच नक्षत्रावर जन्मलेले राजा, तेली आणि जोगी झालेला कुंभार अशा तिघांची जोड तेथे आहे. सोमदेवाकडे हा धागा नाही, म्हणून दोन पाठ मिसळताना गोंधळ होतो. *वेताळ* मढ्यात शिरतो, बोलतो, छळतो आणि शेवटी राजाला वाचवतो. एकाच पात्रात विघ्नकर्ता आणि हितकर्ता असणे हे या चक्राचे वैशिष्ट्य होय.

आतल्या कथांतील नमुने थोडक्यात: एका मुलीचे तीन वर, स्वामीसाठी मुलाचा बळी देणारा सेवक (वीरवर), अतिसूक्ष्म संवेदनेचे तिघे ‘चंग’ (भोजन, नारी व शय्या यांतील चोखंदळ), आणि विद्या आहे पण अक्कल नाही असे सिंह जिवंत करणारे चौघे भाऊ.

फेरीची घडण. मढे झाडावरून उतरवणे, खांद्यावर घेणे, कथा, प्रश्न, धमकी, उत्तर, वेताळाचे निसटणे अशी प्रत्येक फेरी असते. सोमदेवाकडे कथा चोवीस. पंचविसावा भाग उपसंहाराचा. तेवीस वेळा राजा उत्तर देतो आणि तेवीस वेळा ये रे माझ्या मागल्या. चोविसाव्या प्रश्नाला उत्तर न सुचल्याने तो गप्प राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो.

अट दुहेरी आहे. उत्तर माहीत असून न दिल्यास डोके फुटून शंभर शकले होतील; उत्तर दिल्यास मौन मोडेल आणि वेताळ निसटेल. संक्षिप्त आवृत्त्यांत पहिला भाग गळतो आणि राजा निव्वळ बडबड्या ठरतो. दुसरा गळला तर वेताळाचे परत जाणे निष्कारण होते. दोन्ही भाग पहिल्याच फेरीत स्पष्ट सांगावेत. पुढे एका वाक्यात आठवण पुरते. एका बैठकीत दोन-तीन फेऱ्यांहून अधिक घेऊ नयेत, कारण पुनरावृत्तीची गोडी प्रश्नावर विचार करायला मिळाला तरच टिकते.

शब्दांचे प्रश्न. इंदुरी मराठीत सर्वांत घात करणारा शब्द ‘प्रेत’ होय. मराठीत प्रेत म्हणजे मृतदेह. शाळेत हिंदी शिकणाऱ्या मुलाला मात्र त्यातून भूत ऐकू येते. ‘राजाने प्रेत खांद्यावर घेतले’ म्हणताच मढे आणि वेताळ एक होतात. मग शेवटी वेताळ मढे सोडून जातो आणि जोग्याच्या हाती रिकामे शव लागते, हा भागच कळत नाही. म्हणून येथे ‘मढे’ किंवा ‘शव’ वापरावे. ‘मुर्दा’ही समजतो, पण संवादापुरताच ठीक.

‘वेताळ’ शब्दाचीही अडचण आहे. कोकण-गोव्याकडे तो भुतांचा राजा व ग्रामदैवत. संस्कृत कथेत तो शवात वसणारा जीव. हिंदी ‘बेताल’ १९८५ च्या दूरदर्शन मालिकेमुळे घरोघर पोचला. घरात दोन्ही रूपे चालतात. छापताना एकच ठेवावे.

झाड शिंशपा. कोशकार ते हिंदीतील शीशम मानतात. मराठी रूपांतरात ‘शिसवी’ लिहिले जाते, पण शिसवी हा त्याच कुळातला काळ्या लाकडाचा निराळा वृक्ष आहे. माळव्यात शीशम सर्वांना ठाऊक असल्याने तोच शब्द ठेवणे बरे. हिंदी पचीसीत सिरस, म्हणजे शिरीष, आहे. पिंपळ व वड ही उत्तरकालीन भर. मूळ कथेत वड आहे, पण तो जोगी बसतो तेथे.

मराठी मुद्रित रूपे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची, म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या अगदी आरंभीची. पुढील पिढ्यांना ही चौकट मुख्यतः ‘चांदोबा’ मासिकातून परिचित झाली. तेथील अनेक कथा नव्याने रचलेल्या आहेत, चौकट तेवढी जुनी.

चोविसावी कथा. दोन अनोळखी बायकांच्या पाऊलखुणांचा माग काढताना बाप-लेक ठरवतात की मोठ्या पावलाची बापाची, लहान पावलाची लेकाची. त्या मायलेकी असतात, आणि मोठी पावले निघतात मुलीची. त्यामुळे बाप मुलीशी आणि लेक तिच्या आईशी लग्न करतो. दोघांना झालेल्या मुलग्यांचे नाते काय, हा प्रश्न. मराठी नातेशब्दांत ते अचूक मांडता येते. बापाचा नवा मुलगा हा लेकाचा सावत्र भाऊ, म्हणून लेकाच्या मुलाचा काका. लेकाचा मुलगा हा त्या मुलीचा सावत्र भाऊ, म्हणून बापाच्या नव्या मुलाचा मामा. एक काका आणि भाचा, दुसरा मामा आणि पुतण्या. बालावृत्तीत ही कथा अनेकदा वगळतात आणि राजा ‘थकून’ गप्प बसला असे लिहितात. त्याने वेताळाच्या प्रसन्न होण्याचे कारणच नाहीसे होते. फळ्यावर चार नावे आणि दोन रेघा काढल्या की बारा वर्षांच्या मुलांना हे नाते सहज उलगडते.