एकट्या माणसाचे पथ-छायाचित्र

शहरातल्या सार्वजनिक जागी, पूर्वसूचना न देता टिपलेले एकाच व्यक्तीचे छायाचित्र हा पथ-छायाचित्रणाचा, म्हणजेच स्ट्रीट फोटोग्राफीचा, एक जुना प्रकार आहे. माणूस लहान, भोवतालचा अवकाश मोठा, चेहरा बहुधा अंधारात किंवा पाठमोरा. पाहणाऱ्याच्या मनात ‘एकाकी’ हाच शब्द आधी उमटतो. प्रत्यक्षात तो माणूस मजेत घरी निघालेला असू शकतो. हा एकाकीपणा बहुतेक वेळा चौकटीने घडवलेला असतो.

याचा दाखला छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचे वरच्या खिडकीतून छायाचित्र घेतले. माणूस दिसणारे हे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानतात. रस्ता गजबजलेला होता. पण एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देणे, काही मिनिटांचे असल्याने चालती माणसे आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून थांबलेला माणूस तेवढा उरला. त्याच्या पायाशी पॉलिशवाला आहे, पण तो इतका अंधुक की नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिला ‘एकटा’ माणूस असा गर्दीतच उभा होता.

अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँडच्या ‘वॉल स्ट्रीट’ (१९१५) या चित्रात उलट गंमत आहे. मॉर्गन बँकेच्या इमारतीचे प्रचंड काळे कोनाडे, त्यांच्या पायथ्याशी चालणारी बरीच माणसे, मागे लांबलेल्या सावल्या. तिथे कोणीच एकटे नाही, पण प्रत्येक जण एकेकटा दिसतो. पुढे १९२५ मध्ये ३५ मिमी फिल्मचा लायका कॅमेरा बाजारात आला आणि खिशात मावणाऱ्या यंत्राने रस्त्यावर झटपट टिपणे सोपे झाले.

झटपट टिपण्याची ख्याती असली, तरी या प्रकारात खरे काम थांबण्याचे असते. छायाचित्रकार आधी जागा हेरतो: दोन इमारतींच्या फटीतून फुटपाथवर पडलेला उन्हाचा पट्टा, भिंतीवरची तिरपी सावली, रिकामा जिना. मग त्या पट्ट्यात कोणी येईपर्यंत वाट पाहायची. एक्सपोजर उन्हाच्या भागावर मोजले की सावलीतला सगळा पसारा (पाट्या, उभ्या गाड्या, इतर पादचारी) काळ्यात बुडतो. गर्दी हटवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. माणूस काळ्या छायाकृतीत दिसणार असेल, तर डोके उजळ पार्श्वभूमीवरच यायला हवे; मागच्या गडद खांबाला ते चिकटले की मान नाहीशी होते. पायांत पुरेसे अंतर पडले की चाल कळते. पाय जुळलेल्या क्षणी दाबलेल्या बटणाने माणसाचा खुंटा होतो. त्याच्या चालण्याच्या दिशेला मोकळी जागा सोडावी, हा नियम सगळीकडे शिकवला जातो. पण माणूस कडेला येऊन चौकटीबाहेर पडायच्या बेतात असेल, तर ती अस्वस्थताच कधी कधी चित्राला तारते.

उंचीवरून पाहिले की जमीनच पार्श्वभूमी होते. छायाचित्रकार आंद्रे केर्तेस १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवर नजर जाईल अशा बाराव्या मजल्यावरच्या घरात राहायला गेला. तिथून घेतलेल्या १९५४ च्या हिवाळी चित्रात बर्फ, निष्पर्ण झाडांची जाळी, कुंपणाच्या वळणदार रेषा आणि त्यात एकच चालणारी आकृती आहे. त्याच शहरात सॉल लायटर रंगीत फिल्मवर काम करत होता. बर्फावरची लाल छत्री, वाफ धरलेल्या काचेपलीकडचा धूसर माणूस यांत एकटेपण आहे, पण दुःख शोधूनही सापडत नाही. कृष्णधवल म्हणजे खिन्नता आणि रंग म्हणजे उल्हास ही सरधोपट वाटणी इथे कोलमडते.

रिकामी जागा अनिवार्य आहे असेही नाही. हॅरी कॅलहनने १९५० मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर विचारात हरवलेल्या स्त्रियांचे चेहरे अगदी जवळून टिपले. चौकट चेहऱ्याने भरलेली, शहर जवळजवळ बाहेर. आणि तरीही त्या चेहऱ्यांपाशी कोणी पोचलेले नाही.

हाँगकाँगचा फॅन हो याचे ‘अ‍ॅप्रोचिंग शॅडो’ (१९५४) हे या प्रकारातले बहुधा सर्वांत परिचित चित्र. उंच पांढऱ्या भिंतीच्या तळाशी एक तरुणी, आणि तिच्याकडे सरकणारी काळी त्रिकोणी सावली. ती तरुणी त्याच्या नात्यातली होती, त्याच्या सांगण्यावरून उभी राहिली होती आणि सावली नंतर डार्करूममध्ये, म्हणजे छायाचित्र छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, चढवली. शुद्धतावादी याला पथ-छायाचित्र म्हणायला तयार होत नाहीत. तरी हाच आकार आज कॅमेरा घेऊन फिरणारे असंख्य लोक खऱ्या रस्त्यावर शोधत असतात. परिणामी छत्रीवाला, टोपीवाला, बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस यांची साचेबंद चित्रे उदंड झाली आहेत. बेघर माणसाला दुरून टिपून त्यावर ‘एकाकी’ असा मथळा देणे हा त्यातला सर्वांत आळशी प्रकार.

टिपलेल्या माणसाची संमती हा वाद अजून मिटलेला नाही. देशोदेशी कायदेही वेगळे आहेत. फिलिप-लॉर्का डीकोर्सिया याने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅश आधीच बांधून ठेवले आणि लांबून, लांब पल्ल्याच्या लेन्सने, अनोळखी पादचाऱ्यांचे चेहरे टिपले. दिव्याच्या झोतात चेहरा उजळतो आणि मागची गर्दी काळोखात जाते. त्यांतल्या एका गृहस्थांनी दावा लावला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००६ मध्ये, ही छायाचित्रे कला आहेत म्हणून, तो फेटाळला. चित्रात ते गृहस्थ पूर्ण एकटे दिसतात. टिपले गेले तेव्हा ते जगातल्या अतिशय गर्दीच्या एका चौकातून चालले होते.