जुन्या घरासाठी वीजभार वाढ व नवे वायरिंग : सोलापुरातील घरमालकांसाठी अर्ज प्रक्रियेची माहिती

सोलापुरात पारा ४२ अंशांकडे सरकू लागला, की कसबा, बाळीवेस, साखर पेठ अशा जुन्या भागांतील घरांतही एसी घेण्याचा विचार सुरू होतो. दुकानदार एकच प्रश्न विचारतो, ‘पॉवर पॉइंट आहे ना?’ आपण ‘आहे’ म्हणतो आणि यंत्र घरी येते. वास्तविक त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात : आपल्या मीटरवर किती भार मंजूर आहे, आणि मीटरपासून त्या पॉइंटपर्यंत भिंतीवरून गेलेली तार किती जाडीची, कशाची आणि किती जुनी आहे.

या दोन्ही गोष्टींची सीमा मीटरवर ठरते. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर ही महावितरणची बाजू, तर मीटरच्या पुढची प्रत्येक तार, स्विच आणि अर्थिंग ही घरमालकाची जबाबदारी. त्यामुळे भारवाढीचा अर्ज मंजूर झाला म्हणून घरातली तार जाड होत नाही, आणि हजारो रुपये खर्चून नवे वायरिंग केले म्हणून बिलावरचा मंजूर भार आपोआप वाढत नाही. ही दोन्ही कामे करावी लागतात आणि त्यांना जोडणारा कागद म्हणजे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, अर्थात वायरिंगची चाचणी घेतल्याचा दाखला.

भार किती मागावा

आपल्या वीजबिलावर १२ अंकी ग्राहक क्रमांकाबरोबर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. जुन्या जोडण्यांवर तो एक किलोवॅट किंवा त्याहूनही कमी असल्याचे आढळते, कारण जोडणी घेतली तेव्हा घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढेच होते. आजचा हिशेब करून पाहावा : दीड टनाचा एसी सुमारे १.७ किलोवॅट, साठवणीचा गिझर २, इंडक्शन शेगडी १.८, एक अश्वशक्तीची पाण्याची मोटर पाऊण, फ्रीज ०.२ आणि दिवे-पंखे-टीव्ही मिळून ०.६. एकूण सात किलोवॅटच्या थोडे वर, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ३१ अँपिअर.

ही सगळी उपकरणे एकाच वेळी कुठे चालतात, असा आक्षेप घेतला जातो आणि एरवी तो योग्यही आहे. परंतु सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते. नळाला पाणी आले की मोटर सुरू, भरल्या टाकीवर गिझर सुरू, त्याच घाईत स्वयंपाक, आणि आतल्या खोलीत एसी चालूच. त्यामुळे भार मोजताना एरवीचा दिवस न धरता पाण्याचा दिवस धरावा, असे माझे मत आहे.

सिंगल फेज जोडणीची मर्यादा ४० अँपिअर, म्हणजे साधारण ९.२ किलोवॅट आहे. वरच्या यादीत दुसरा एसी घातला की हिशेब ३८ अँपिअरवर जातो. अशा वेळी किंवा घरी विजेवरच्या गाडीचा चार्जर बसवायचा असेल, तर थ्री फेजची मागणी करणे शहाणपणाचे ठरते. मात्र घरगुती थ्री फेजचा मासिक स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो आणि वापर शून्य असला तरी तो भरावा लागतो, म्हणून उगाच ऐटीखातर थ्री फेज घेऊ नये.

मंजुरीपेक्षा जास्त भार वापरत राहिल्यास काय होते, हेही माहीत असावे. स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांबाबत केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, एका आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मंजूर भार ओलांडला गेला, तर ओलांडलेल्या महिन्यांतील कमाल मागणीच्या (मीटरवर त्या महिन्यात नोंदलेल्या सर्वाधिक भाराच्या) आकड्यांपैकी सर्वांत कमी आकडा धरून मंजूर भार सुधारला जातो.

अर्ज कोणी करावा व कोणती कागदपत्रे लागतात

ज्याच्या नावे मीटर आहे तो ग्राहक अर्ज करू शकतो. मागील थकबाकी भरलेली असावी. भाडेकरूस अर्ज करायचा असल्यास भाडेकरार व घरमालकाचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. ओळखीसाठी आधार, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी एक, आणि मालकी वा वहिवाटीसाठी महानगरपालिकेची मालमत्ता कराची पावती, नगर भूमापन कार्यालयाचे मालमत्ता पत्रक किंवा नोंदणीकृत खरेदीखत यांपैकी एक चालते. सोबत चालू वीजबिलाची प्रत आणि भरलेला अर्ज द्यावा. टेस्ट रिपोर्ट वायरिंग पूर्ण झाल्यावर जोडायचा असतो.

जुन्या वाड्यांतील अर्ज बहुधा तारेवर नव्हे, तर नावावर अडतात. मीटर आजोबांच्या नावे, कराची पावती वडिलांच्या नावे आणि अर्जावर सही नातवाची, हे चित्र पेठांमध्ये नवे नाही. बिल वेळेवर भरले जात असल्याने तीस-चाळीस वर्षांत कोणी त्याकडे पाहिलेले नसते. अशा वेळी आधी, किंवा भारवाढीच्या जोडीनेच, नावबदलाचा अर्ज करावा; त्यासाठी मूळ ग्राहकाचा मृत्यूदाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागते. एक काका पुण्यात आणि एक आत्या हैदराबादेत असेल तर या संमतीपत्रांनाच सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या तोंडावर न काढता दिवाळीत सगळे एकत्र जमतात तेव्हाच उरकावे.

आणखी एक बाब खास आपल्या शहराची. घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग किंवा शिलाईचा कारखाना चालत असेल, तर त्यासाठी घरगुती जोडणीवर भार वाढवून मागू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर प्रयोजनाव्यतिरिक्त केलेला वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. त्या कामासाठी स्वतंत्र वर्गवारीची जोडणी घ्यावी.

वायरिंगचे काम

आमच्या घराचा जुना बोर्ड उघडला तेव्हा चिनी मातीच्या फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याच्या तारेचे तीन पदर पिळून घातलेले निघाले. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी कधीतरी केलेला तो उपाय होता. सॉकेटच्या मागची ॲल्युमिनियमची तार काळवंडलेली होती आणि तिच्यावरचे रबरी आवरण बोटाने दाबले तरी भुग्यासारखे गळत होते. अशा तारेवर गिझर चालवणे किती धोक्याचे आहे हे एका साध्या नियमावरून कळते : तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच अँपिअर वाहणाऱ्या तारेतून पंधरा अँपिअर गेले, तर उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते.

नव्या कामात दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या पॉइंटसाठी २.५, एसीसाठी ४ आणि मीटरपासून मुख्य बोर्डापर्यंत भारानुसार ६ किंवा १० चौरस मिलिमीटरची आयएसआय चिन्हांकित तांब्याची तार वापरणे हा सर्वसाधारण प्रघात आहे. एसी, गिझर आणि मोटर यांना मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार व स्वतंत्र एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच, द्यावा. एमसीबी हा यंत्राच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो. १६ अँपिअरचा एमसीबी पडतो म्हणून त्या जागी ३२ चा बसवणे म्हणजे वर सांगितलेल्या तीन पदरी फ्यूजचीच नवी आवृत्ती. विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा बसवावा.

माळवदाच्या घरांत भिंती मातीच्या आणि छताला लाकडी तुळया असतात. तेथे झिरी पाडून पाइप बुजवण्याचा आग्रह धरू नये, भिंत ढासळते. पृष्ठभागावरून पीव्हीसी पाइप नेऊन, लाकडाला चिकटलेली जुन्या वायरिंगची पट्टी पूर्ण काढून टाकावी. थ्री फेज घेतल्यास एक एसी, दुसरा एसी आणि गिझर असा भार तिन्ही फेजवर वाटून द्यावा. अर्थिंगचा खड्डा नव्याने करावा व उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे, कारण जमीन वाळून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि ते नावापुरतेच उरते.

हे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. ओळखीचा वायरमन कितीही हुशार असला, तरी परवान्याशिवाय त्याच्या टेस्ट रिपोर्टला अर्थ नाही. ठेकेदाराने इन्सुलेशन व अर्थिंगची चाचणी प्रत्यक्ष घेतली की नुसतीच सही केली, हे समोर उभे राहून पाहावे.

अर्ज ते नवा मीटर

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर, मोबाईल ॲपवर किंवा आपल्या भागाच्या उपविभाग कार्यालयात करता येतो. नोंदणी झाल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक जपून ठेवावा. त्यानंतर कर्मचारी जागेची पाहणी करून सर्व्हिस वायर आणि रोहित्र, म्हणजे आपल्या बोलण्यातला डीपी, वाढीव भार पेलू शकतो का ते पाहतात. मग मागणीपत्र निघते. लोक त्याला कोटेशन म्हणतात. त्यात वीज नियामक आयोगाने मंजूर केलेल्या दरांनुसार प्रक्रिया शुल्क, जोडणी आकार आणि वाढीव सुरक्षा ठेव असते. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव महाराष्ट्रात सरासरी बिलाच्या दुप्पट धरली जाते व तिच्यावरचे व्याज बिलात वळते केले जाते. पैसे ऑनलाइन किंवा केंद्रावर भरून पावती घ्यावी, कोणाच्या हाती रोख देऊ नये.

केंद्राच्या नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार महानगरे वगळता इतर नगरपालिका-महानगरपालिका क्षेत्रांत पूर्ण अर्जानंतर ७ दिवसांत नवी जोडणी किंवा जोडणीतील बदल व्हायला हवा; मात्र नवी वाहिनी किंवा रोहित्र उभारावे लागणार असेल तर अधिक मुदत असते. विलंब झाल्यास अर्ज क्रमांकासह १९१२ वर तक्रार नोंदवावी, दाद न मिळाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे, आणि मंचाचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे निवेदन करता येते.

मीटर बदलताना जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग मोबाईलवर टिपून ठेवावे. पुढच्या बिलावर मंजूर भार, फेज, नाव आणि नव्या मीटरचा क्रमांक चारही बरोबर आले आहेत का ते पाहून, चूक असल्यास त्याच महिन्यात उपविभागात लेखी कळवावे.