लिनक्स की फ्रीबीएसडी? आणि बटण बंद करण्याआधी

"मशीनवर फुकटचं युनिक्स बसवून द्या."
"कुठलं?"
"जे चांगलं असेल ते."

आमच्या दुकानाच्या काउंटरवर हे बोलणं रोज व्हायचं. युनिक्स म्हणजे विंडोजसारखी मशीन चालवणारी प्रणाली, आणि लिनक्स व फ्रीबीएसडी ही तिच्या धर्तीची दोन फुकट रूपं. १९९६ च्या मार्चमध्ये पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर स्लॅकवेअर या लिनक्सच्या संचाची सीडी आली, तेव्हापासून तर दिवसातून दोनदा. म्हणून हे पत्रक, १९९० च्या दशकातल्या मशीनांसाठी लिहिलेलं.

तुमच्या मशीनचा प्रोसेसर जुना २८६ असेल तर दोन्ही विसरा, ३८६ च्या खाली यांचं काही चालत नाही. प्राध्यापक टॅनेनबॉम सरांचं मिनिक्स हे छोटं युनिक्स २८६ वर चालतं, पण ते पाठ्यपुस्तकाच्या जोडीने शिकण्यासाठी. रोजच्या कामाला आम्ही ते सुचवत नाही. काही जण अजून ३८६बीएसडी, म्हणजे बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्सचं ३८६ वर चालणारं रूप, मागतात. जोलिट्झ दांपत्याने ते १९९२ मध्ये काढलं, पण ते पुढे सरकेना. दुरुस्त्या गोळा करत बसलेल्या मंडळींनीच मग १९९३ मध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी अशा दोन चुली मांडल्या. घरात अमिगा किंवा सन कंपनीचं जुनं मशीन असेल तर नेटबीएसडी, साध्या पीसीवर फ्रीबीएसडी. "बीएसडीच्या कोडच्या मालकीवरून कोर्टात केस चालू आहे ना?" असंही विचारतात. ती १९९४ मध्येच मिटली.

उरले दोन. घरचं मशीन, साउंड कार्ड, त्यालाच जोडलेला सीडी ड्राइव्ह, आणि विंडोजही ठेवायचं, असा प्रकार असेल तर डोळे मिटून लिनक्स घ्या. ते डी: च्या जागेतही बसतं. फ्रीबीएसडीला स्वतःचं प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र मुख्य भाग लागतो, एक्स्टेंडेड नावाच्या पोटविभागांच्या भागातल्या डी: मध्ये ते बसत नाही. तिथे आमच्याशी वाद घालू नका, तो नियम आमचा नाही. मात्र ऑफिसातली चार मशीनं एका मोडेमवर चालवायची असतील तर मी स्वतः फ्रीबीएसडी निवडेन. कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि कमांड्स एकाच गटाने एकत्र बांधलेले असतात आणि नेटवर्किंग भक्कम आहे. याहू तेव्हा त्याच्यावरच चालत होतं. मराठी टायपिंग मात्र तेव्हा दोन्हींवर नव्हतं, म्हणून पत्रं लिहायला विंडोज ठेवावं लागायचं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्रक छापलं ते.

डॉस या जुन्या प्रणालीत सी: समोर आलं की बटण बंद, हे हाताला वळण पडलेलं असतं. युनिक्समध्ये तसं करू नका. फाइल सेव्ह केली म्हणजे ती डिस्कवर गेलीच असं नाही. ती आधी मेमरीत थांबते आणि कधी कधी अर्ध्या मिनिटाने डिस्कवर उतरते. तेवढ्यात बटण बंद केलंत तर कुठली फाइल कुठे आहे याची वहीच अर्धवट राहते. पुढच्या वेळी सुरू करताना एफएससीके (fsck) नावाची तपासणी आपोआप सुरू होते. तिला पाच-दहा मिनिटं लागतात. लोकांना वाटतं मशीन अडकलं, आणि ते पुन्हा बटण बंद करतात! खरा घोळ इथे होतो. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी महिन्यात तीनदा रिक्षातून मशीन घेऊन आला, तिन्ही वेळा कारण हेच. त्याचा प्रोजेक्ट शेवटी लॉस्ट-फाउंड डिरेक्टरीत सापडला. फाइलींची नावं गेलेली, नुसते आकडे उरलेले. कुठल्या आकड्यात काय आहे हे बघण्यात त्याची आणि आमची अख्खी दुपार गेली.

तेव्हा रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून शटडाउनची कमांड द्या. ती आठवत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. मशीन आपलं आपण आवरून घेतं आणि पुन्हा सुरू होऊ लागतं. पडद्यावर मेमरीचे आकडे मोजले जाताना दिसले की खुशाल बटण बंद करा.

वीज गेली तर? फ्रीबीएसडी डिरेक्टरीच्या नोंदी लगेच डिस्कवर लिहितं, म्हणून थोडं हळू पण अशा वेळी जास्त सावध. लिनक्सची फाइली ठेवण्याची पद्धत, ईएक्सटी-टू, त्याही नोंदी मागे ठेवते, म्हणून चपळ. पण नुकताच टाइप केलेला मजकूर दोन्हींकडे जाऊ शकतो. यूपीएस घ्या. आमच्याकडेच घ्या असं नाही, पण आमच्याकडे आहेत.

"फुकट आहे, मग पैसे कसले?" सॉफ्टवेअरचे आम्ही घेत नाही. सीडीचे आणि बसवण्याचे घेतो. एक भरलेली सीडी १४.४ केबीपीएस वेगाच्या मोडेमने उतरवायची तर लाइन एकदाही न तुटता चार दिवस-रात्र लागतील, फोनचं बिल तुम्हीच मांडा. बसवताना सगळ्यात जास्त वेळ खातं ते एक्स विंडो, म्हणजे माउस आणि खिडक्यांचा पडदा दाखवणारा भाग. मॉनिटरची फ्रीक्वेन्सी चुकीची भरली की चित्र वाकडंतिकडं होतं, बारीक शिट्टी ऐकू येते, आणि तसाच चालू ठेवला तर जुना मॉनिटर जळूही शकतो. आम्ही अंदाजाने आकडे भरत नाही, म्हणून अर्धा दिवस मागतो.

मशीन आणताना मॉनिटरचं माहितीपुस्तक आणि डॉसची बूट फ्लॉपी सोबत आणा. एक्स हवं असेल तर ८ एमबी रॅम तरी असू द्या, १६ असेल तर उत्तम. कामाच्या फाइली फ्लॉपीवर उतरवून घ्या. पार्टिशन पाडताना आमच्या हातून आजवर कोणाची फाइल गेलेली नाही, तरीही उतरवून घ्या.