‘१०० टक्के जुळला’ म्हणजे नेमकं काय?

‘वीस प्रश्नांची उत्तरं द्या, तुमचा खरा धर्म कळेल.’ बिलीफनेट या अमेरिकी संकेतस्थळावरच्या ‘बिलीफ-ओ-मॅटिक’ चाचणीबद्दल हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. निकालात सगळ्यात वर एखादा पंथ आणि पुढे १०० टक्के. मग मंडळी एकमेकांना विचारत सुटतात, ‘अरे, मी क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचा, कसा निघालो?’

मेख त्या शंभरातच आहे. पहिल्या क्रमांकाला शंभर मिळतातच, कारण बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत काढलेले असतात. समजा, ६० पैकी सर्वाधिक गुण ३४ आले. तेच शंभर धरायचे; मग २९ गुणवाला ८५ टक्क्यांवर. प्रत्यक्षात पहिल्याशीही निम्म्याहून थोडंसंच जास्त जुळलं होतं! शिवाय प्रत्येक प्रश्नाला तुम्ही किती महत्त्व देता, त्यावरही क्रम हलतो.

प्रश्न तरी कसले? देव किती, मेल्यावर काय, जगात दुःख का, गर्भपात, घटस्फोट. म्हणजे सगळा भर मतांवर. आपल्याकडे धर्म बराचसा आचारात असतो. पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्याला ‘विश्वाची उत्पत्ती कशी झाली?’ विचारून काय हाती लागणार? यादीत महायान, थेरवाद हे बौद्ध पंथ वेगवेगळे आहेत. नवयान, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी दिलेला बौद्ध धम्म, मात्र नाही. त्यामुळे १९५६च्या नागपूरच्या दीक्षेचा वारसा सांगणाऱ्या घरातल्या मुलीला तिथे तिचं घर सापडणारच नाही.

गंमत म्हणजे, तुमच्या आत्म्याचं पुढे काय होईल याची कायदेशीर जबाबदारी आमची नाही, असं ही चाचणी स्वतःच बजावते.