छेदात कोण?

शाळेत अपूर्णांक शिकवताना अंश वर आणि छेद खाली एवढं आपण घोकतो. छेदात कोणाला धरायचं, हे मात्र गणिताचे गुरुजी सांगत नाहीत. क्षयरोगाशी लढणाऱ्यांची बरीच वर्षं याच प्रश्नावर खर्च झाली आहेत.

कारेल स्टिब्लो हे मूळचे चेक डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात नाझी छळछावणीत असताना त्यांना स्वतःलाच क्षय झाला होता. 1970च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात काम करताना त्यांनी एक साधा नियम लावला: एका तिमाहीत नोंदलेले सगळे रुग्ण म्हणजे एक तुकडी, आणि तुकडीतल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लिहायचंच. बरा झाला, दगावला, औषध सोडलं, गाव सोडून गेला, काहीही असो, रजिस्टरमधून गुपचूप गळायला कोणाला परवानगी नाही. गोळ्या किती वाटल्या यावर काम मोजायची सवय असलेल्यांना हा हिशेब जड गेला असणार. पुढे जगभर गेलेल्या ‘डॉट्स’ पद्धतीचा, म्हणजे कोणाच्या तरी देखरेखीखाली गोळ्या द्यायच्या पद्धतीचा, हा हिशेब कणा झाला. भारतात तिचा विस्तार 1997 पासून सुरू झाला आणि 2006 पर्यंत ती देशभर पोचली. थुंकीत जंतू सापडलेल्या नव्या रुग्णांपैकी 85 टक्क्यांच्या आसपास यशस्वी, असे आकडे येऊ लागले.

मग 2016 मध्ये काही संशोधकांनी छेदच बदलला. नोंदलेले रुग्ण न धरता त्यांनी 2013 साली देशात क्षय असलेली सगळी माणसं धरली, अंदाजे 27 लाख. त्यातले 72 टक्के सरकारी केंद्रापर्यंत पोचले. निदान झालं 60 टक्क्यांचं, उपचारासाठी नोंद झाली 53 टक्क्यांची, उपचार पुरे झाले 45 टक्क्यांचे. आणि त्यानंतर वर्षभर आजार न उलटता जगले ते 39 टक्के. (सरकारी केंद्रात न आलेल्यांपैकी काहींनी खासगी डॉक्टर गाठले असतील, ते या हिशेबात नाहीत.) 85 खोटा नव्हता आणि 39ही खोटा नाही.

मला यातली सर्वांत बोचणारी जागा वाटते ती 60 आणि 53 यांच्या मधली. दोन लाखांहून जास्त माणसं अशी, की आजार ओळखला गेला, औषध फुकट होतं, तरी उपचाराच्या यादीत नाव नाही. कोणी मोठ्या इस्पितळात थुंकी देऊन आपल्या जिल्ह्यात परतलेला, कोणाचा पत्ता चुकीचा लिहिलेला. इथे नवं औषध काय करणार? इथे लागतो धड लिहिलेला पत्ता आणि त्याच दिवशी केलेला फोन. 72 आणि 60 मधली गळती वेगळी आहे, तिथे यंत्र कामाला येतं. सूक्ष्मदर्शकाला दिसायला एक मिलिलिटर थुंकीत निदान पाच-दहा हजार जंतू लागतात, जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला शे-दीडशे पुरतात. गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट त्याच जातीचं, बॅटरीवर चालणारं.

कारखान्यांतून आलेलं ‘सतत गुणवत्ता सुधारणा’ हे भारदस्त नाव याच कामाला आहे: गळती शोधा, छोटा बदल करा, मोजा, पुन्हा बघा. माझ्या मते याचं सर्वांत चांगलं उदाहरण तमिळनाडूत सापडतं. क्षयाचे बरेच मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात. औषध चालू असतं, पण शरीर आधीच खचलेलं. एप्रिल 2022 मध्ये तिथे क्षयाचे मृत्यू रोखण्याची योजना सुरू झाली. निदान होताच केंद्रातला कर्मचारीच तीन गोष्टी बघतो. उंचीच्या मानाने वजन फारच कमी आहे का, म्हणजे बीएमआय 14 किंवा त्याखाली, पायांवर सूज असेल तर 16 किंवा त्याखाली? श्वास मिनिटाला 24 हून जास्त, किंवा ऑक्सिजन 94 च्या खाली? आधाराशिवाय उभं राहता येतं का? यातलं एक जरी बिघडलेलं असलं तरी रुग्णाला पूर्ण तपासणीसाठी पाठवायचं आणि गरज असेल तर दाखल करून घ्यायचं. रक्ततपासणी नाही, एक्स-रे नाही. वजनकाटा, उंचीची पट्टी, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि घड्याळ.

पण नुसता फॉर्म छापून हे झालं नसतं. किती रुग्णांची ही चाळणी झाली, त्यातले किती गंभीर निघाले, किती दाखल झाले, किती दगावले, हे जिल्हावार मोजलं जातं. पुढे अनेक जिल्ह्यांत सुरुवातीच्या मृत्यूंचं प्रमाण घटल्याचं नोंदलं गेलं. चाळणीचा आकडा कमी आला तर प्रश्न उंचीच्या पट्टीचा असू शकतो. चाळणी पूर्ण, पण दाखल कमी, तर खाटांचा, किंवा मजुरी बुडेल म्हणून इस्पितळात राहायला तयार नसलेल्या माणसाचा. पट्टी दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावता येते. मजुरीचं काय करायचं, हे पुढच्या बैठकीत पुन्हा निघतं.