जुन्या छायाचित्रांवरून जलरंगातील व्यक्तिचित्रण

कृष्णधवल किंवा तपकिरी पडलेले जुने छायाचित्र समोर ठेवून जलरंगात चेहरा रंगवण्याचा हा अभ्यासप्रकार. दिवंगत आजी-आजोबांचे चित्र घरात असावे, या इच्छेतून अनेकजण त्याकडे वळतात. यातली खरी अवघड गोष्ट ब्रश चालवणे नव्हे. फोटो काय सांगतो आणि काय लपवतो, हे ओळखणे.

कृष्णधवल फोटोत रंग नसतो, फक्त उजेड-अंधाराच्या पायऱ्या असतात. त्या पायऱ्याही जशाच्या तशा खऱ्या मानता येत नाहीत. फिल्मच्या आधी प्रकाशसंवेदी थर दिलेल्या काचांवर फोटो घेत. सुरुवातीच्या काचा निळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर हिरवा-पिवळा प्रकाश उमटू लागला, तांबडा मात्र नाहीच. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये विक्रीस आल्या आणि त्यांचा वापर रुळायला आणखी बराच काळ गेला. त्यामुळे अशा फोटोत कुंकू काळे दिसते, लाल लुगडे काळपट होते, ओठ गडद होतात आणि निळे कापड पांढुरके पडते. तांबूस-गव्हाळ त्वचा मुळापेक्षा सावळी उमटते. फोटोतल्या करड्या छटेला सरळ तपकिरी रंग लावला, तर माणूस होता त्यापेक्षा काळवंडलेला निघतो. नवशिक्यांच्या कामात हा दोष हमखास आढळतो.

दुसरा दगा स्टुडिओचा. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करून सुरकुत्या व डोळ्यांखालची वर्तुळे पुसत. त्यात गालफडाची आणि भुवईच्या हाडाची ठेवणही पुष्कळदा सपाट होते. अल्ब्युमिन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची) जुनी झाली की पिवळते आणि तिच्यातल्या उजळ भागांचे तपशील आधी उडतात. ही उणीव भरायला उपाय एकच: त्याच वयाच्या, शक्यतो त्याच घरातल्या माणसाला खिडकीजवळ, फोटोत ज्या बाजूने उजेड आहे त्याच बाजूने उजेड येईल असे बसवून स्केचेस करणे. त्वचेचा रंगही तिथूनच घ्यावा.

रेखाटनासाठी फोटो मोठा करून चौकटी आखतात किंवा लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) ट्रेसिंग करतात. ट्रेसिंगने नाक-डोळे जागेवर येतात, पण चेहऱ्याची घडण कळत नाही. म्हणून हाताने रेखाटण्याचा सराव सोडू नये. रंगाआधी एकाच रंगात, चार-पाच छटांत छोटा अभ्यास करणे फार उपयोगी. जलरंग पारदर्शक असल्याने पांढरा म्हणजे कोरा कागदच. उजेडाच्या जागा आधीच राखायच्या आणि फिक्याकडून गडदाकडे जायचे. कागद ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरचे वजन) असल्यास ओल्या कामात कमी सुरकुततो. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि लाइट रेड (मातकट तांबडा) यांचा पातळ द्यावा. तो ओला असतानाच गाल, नाकाचा शेंडा आणि कान थोडे तांबूस करावेत. सावलीला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) यांचे मिश्रण चांगले. तांबड्यासाठी अलिझरिन क्रिमसन टाळावा, कारण तो उजेडात उडतो. क्विनाक्रिडोन जातीचे रंग जास्त टिकतात. पापणीची कड धारदार आणि केसांची कपाळाजवळची कड विरलेली ठेवली, की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही.

भारतात १९ व्या शतकात छायाचित्राच्या प्रिंटवरच हाताने रंग देण्याची परंपरा होती. काही ठिकाणी तो रंग इतका दाट असे की खालचा फोटो जवळजवळ झाकून जाई. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत मात्र प्रत्यक्ष माणसावरून काम करण्यावर भर राहिला. तिथले विद्यार्थी सा. ल. हळदणकर यांचे दीप घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिव्याचा उजेड बोटांतून पार होताना येणारी लाली त्यात पाहावी. तो रंग कोणत्याही जुन्या कृष्णधवल फोटोत सापडणार नाही.

घरातल्या फोटोखेरीज दुसऱ्याच्या छायाचित्रावरून काम करायचे असेल, तर भारतात छायाचित्राचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो, हे लक्षात ठेवून परवानगी घ्यावी.